बांगड्याचं पोट

पाचूबंदरच्या लिलावात मी बांगड्याचं पोट बोटानं दाबून बघते, मगच बोली लावते. भरल्या पोटी जाळ्यात आलेला बांगडा बर्फाविना राहिला, की त्याच्या पोटातला पाचक रस त्यालाच खायला लागतो. वरून चकचकीत, आत चिखल. तीस वर्षं हेच करतेय, मला कुणी शिकवायची गरज नाही.

तरी नवऱ्याचं पोट मला कळलं नाही.

गॉडफ्रेनं उपवासकाळात दारू सोडली. ईस्टर झाला तरी घेत नाही म्हणायचा. मे महिन्यात एका सकाळी तो पोट धरून ओट्यावर बसला. कळ पार पाठीपर्यंत, वर उलट्या.

"कुठं ढोसून आलास?" मी विचारलं.

"नाय गो लूर्डस. देवासमोर बोललोय, थेंब नाय घेतला. पानी दे."

त्याच्या शपथा मी पुष्कळ ऐकल्या होत्या. पाणी दिलं, बरं बरं म्हणून मान हलवली आणि टोपली उचलली. भोग म्हणावं आता. दोन दिवस तो कण्हत होता आणि मी त्याची उतरायची वाट बघत होते. मूर्ख बाई.

तिसऱ्या दिवशी इस्पितळात नेलं तेव्हा तो मला ओळखतही नव्हता. डॉक्टर मनालीनं, माझ्या लेकीच्या वयाच्या पोरीनं, कागदावर चित्र काढून दाखवलं. पित्ताचा खडा नळीच्या तोंडाशी अडकला होता. स्वादुपिंडाचा रस आतड्यात पोचून मग कामाला लागतो, तो आतल्या आतच कामाला लागला. स्वादुपिंडालाच पचवत होता. पेशी मरत होत्या, त्यानं अंगभर दाह पसरून फुप्फुसं बसली होती.

"दारूनं?"

"नाही मावशी. खड्यानं. लवकर आणलं असतं तर..."

"मग पोट उघडून धुऊन टाका ना. आम्ही मासळीचं तेच करतो."

"ते जिवंत आहेत, मावशी."

तोंडात नळी घातलेल्या गॉडफ्रेच्या कानाशी मी म्हटलं, तू खरं बोलत होतास. त्याला ऐकू गेलं नाही. चौथ्या दिवशी तो गेला.

मयताला सगळं बंदर आलं. त्याची बहीण रिटा गळ्यात पडून म्हणाली, "दारूनं खाल्ला गो माझा भाव."

"नाय रिटा. खडा होता. देवाशप्पथ, त्यानं थेंब नव्हता घेतला."

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. बरं बरं म्हणाली आणि मान हलवली.