हिला, हिने, हिचे

श्यामकांत गेले त्याला पंधरा दिवस झाले होते. यज्ञेशला अजून रडू आलं नव्हतं. घाटकोपरच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात तो दुपारचा बाबांच्या कॉम्प्युटरसमोर बसला होता. रिटायर झाल्यावर बाबा मराठी टायपिंग शिकले आणि नऊ वर्षं रोज दोन ओळींची डायरी लिहीत राहिले.

"माझ्याबद्दल काही लिहिलंय का रे? बघ ना," तांदूळ निवडता निवडता आई म्हणाली.

अंधेरीच्या ऑफिसात यज्ञेशचं कामच ते. मजकुरातून ठरावीक घडणीचे शब्द रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे शोधाचा नमुना लिहून, वेचून काढायचे. त्याने आईचं नाव टाकलं, 'मालन', आणि पुढे कुठलाही प्रत्यय चालेल असं सांगितलं. एकही ओळ आली नाही.

"नाही गं." त्याला वाईटही वाटलं नाही.

"नाव कधी घेतलंय त्यांनी माझं? 'हिला विचारा' म्हणायचे."

मग त्याने 'हि' आणि त्यापुढे ला, ने किंवा च, असा नमुना लिहिला. ढीगभर ओळी आल्या, पण पहिला, राहिला, महिने हेही त्यात घुसले होते. 'हि'च्या आधी दुसरं अक्षर नको, अशी अट त्याने घातली. आठशे बारा ओळी उरल्या. नमुना बरोबर बसला, एवढंच त्याच्या मनात आलं.

तो सपाट आवाजात वाचू लागला.

"हिला खोकला. अडुळसा आणला."

"हिने घावणे केले."

गेल्या दोन महिन्यांतल्या ओळी वेगळ्या होत्या. "हिचे गुडघे. जिना झेपत नाही. मुलुंडला लिफ्टचं घर पाहिलं, अंधारं आहे."

आईचा हात थांबला. "फिरायला जातो म्हणून सांगायचे मला."

शेवटची ओळ बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशीची होती. "सुबोध एजंटने तिसरं घर दाखवलं. रविवारी हिला घेऊन येतो म्हटलं." पुढे नंबर होता.

"त्या माणसाला फोन लाव," आई म्हणाली. "ताटकळला असेल बिचारा."

सुबोधने फोन उचलला. "काका आलेच नाहीत. दोन रविवार थांबलो मी."

"बाबा गेले," यज्ञेश म्हणाला. आवाज जरासुद्धा कापला नाही.

सुबोधने आधी काकूंची चौकशी केली. मग, "घर अजून आहे. काकूंना बघायचं असेल तर या."

यज्ञेशने आईला तसंच सांगितलं. तिने ताटातले दोन खडे वेचून बाजूला टाकले.

"येतो म्हणावं."

"येतो," यज्ञेश फोनमध्ये म्हणाला. वेळ विचारली, कागदावर लिहून घेतली.