तुळसाबाईचं बिनचूक पत्र

त्र्यंबक मास्तरांना अख्खं ठाणं वचकून असायचं. इंग्रजी व्याकरणाचे नियम त्यांना असे तोंडपाठ, की झोपेतून उठवून विचारा, एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. पोरांना ते पाठ व्हावेत म्हणून हातात छडी. पण असा हा माणूस एका बाईपुढे चक्क हात टेकून बसला. ती बाई म्हणजे जवळच्याच कोपरी गावची तुळसा, जंगलखात्याच्या साहेबाकडची आया.

साहेबाची मडम बाळंतपणातच गेली. तिची मुलगी एमी सहा वर्षं वाढली ती तुळसाच्या कडेवर. मग गोऱ्या लोकांच्या रीतीप्रमाणे तिला शिकायला विलायतेला आत्याकडे धाडली. साहेबाने तुळसाला कपड्यांच्या कामाला ठेवून घेतली, पण तिचं चित्त कुठलं कपड्यांत! एमी अक्षरं गिरवायची तेव्हा तीही शेजारी बसून गिरवायची. तेवढ्या भांडवलावर तिने एमीला इंग्रजीत पत्र लिहिलं.

ते पत्र परत आलं. सोबत आत्याबाईंची चिठ्ठी होती: पोरगी आधीच आयेसारखं मोडकंतोडकं बोलते, शाळेत तिचं हसं होतं. असली पत्रं तिला दाखवली जाणार नाहीत. शुद्ध लिहिता येत असेल तरच लिहावं.

तुळसा त्याच दिवशी, शाळा सुटल्यावर, मास्तरांच्या ओसरीशी येऊन उभी राहिली.

"मास्तर, मना शुद्ध शिकवा. नायतर माजी एमी मना इसरंल."

मास्तर आधी हसले. चाळिशीची बाई, आया, आणि म्हणे व्याकरण! पण ती जाईना. शेवटी म्हणाले, "बस. उद्यापासून रोज तासभर. कंटाळा केलास तर चालायचं नाही हां!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी शब्दांच्या आठ जाती सुरू केल्या. व्याख्या पाठ कर, पोटभेद पाठ कर, अपवाद पाठ कर. बाईने महिनाभर जीव तोडून पाठ केलं. आणि महिन्याने लिहायला बसवली तर वाक्य जिथल्या तिथे, मोडकंच! मास्तरांचा पारा चढला. "अगं, डोकं आहे की खोकं?" असं बोलून गेले.

तुळसाही काही गरीब गाय नव्हती. पाटी खाली ठेवून म्हणाली, "मास्तर, एमीला चालायला मी शिकवली. तवा तिला गुडघ्याच्या हाडांची नावं नाय शिकवली. बोट धरलं, पडली तर उचलली."

वीस वर्षांत मास्तरांना असं कोणी बोललं नव्हतं. राग तर आला, पण रात्रभर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण ते खरं होतं, आणि हे त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटूनच ठेवलं. "तुळसाबाई, मला एमीची गोष्ट सांगा. इंग्रजीत. जशी येईल तशी."

काय सांगू म्हणता! बाई जी सुटली ती थांबेचना. एमी खाडीवर खेकड्यामागे कशी धावायची, मिठाच्या ढिगावर चढून कशी घसरायची, झोपताना तुळसाच्या कानाची पाळी कशी धरून ठेवायची. मास्तर ऐकायचे. वाक्य चुकलं की तेच वाक्य, न रागावता, बरोबर करून म्हणायचे आणि तिच्याकडून म्हणवून घ्यायचे. एका दिवशी एकच चूक धरायची, बाकीच्या सोडून द्यायच्या. ती चूक पुरती गेली की मग पुढची. नियम सांगायचा तो शेवटी, जिभेला वळण लागल्यावर.

हळूहळू हीच युक्ती त्यांनी वर्गातही लावली. पोरं आपापल्या घरच्या, म्हशींच्या, भांडणांच्या गोष्टी इंग्रजीत सांगू लागली. छडी कुठे गेली ते मास्तरांनाही आठवेना.

वर्षभराने तुळसाने दोन पानी पत्र लिहिलं. मास्तरांनी तीनदा वाचलं, लाल शाईचा टाक हातात धरून. खूण करायला जागाच सापडली नाही. साहेबाने ते टपालात टाकलं, आणि दोन महिन्यांनी उत्तर आलं.

तुळसा धापा टाकत ओसरीवर आली. तिने स्वतः पत्र वाचलं, एकेका शब्दावर बोट ठेवून. मी मजेत आहे. येथील हवा थंड आहे. आत्या फार चांगली आहे. आपली विश्वासू, एमी.

"एकबी चूक नाय, मास्तर," ती म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. "माजी एमी अशी कवा बोलली? हे कुनीतरी सांगून लिवून घेतलंय. यात माजी पोर नाय."

मास्तरांनी उगाच लिफाफा हातात घेऊन उलगडला, तर आतल्या बाजूला पेन्सिलीने काहीतरी खरडलेलं. अक्षरं इंग्रजी, पण मास्तरांना एका शब्दाचा अर्थ लागेना. "हे इंग्रजी नव्हे," ते पुटपुटले.

तुळसाने लिफाफा ओढून घेतला. ओठ हलवत तिने अक्षरं जुळवली, आणि तिच्या तोंडून निघाली ती कोपरीची बोली. आत्याला कळू नये म्हणून पोरीने अक्षरं इंग्रजी घेतली होती, बोलणं तुळसाचं.

"मी जेवत नाय. तू कवा येशील?"

मास्तरांनी उपरण्याने डोळे पुसले, लपवण्याचा प्रयत्नही केला नाही. मग उठून कपाटातून कोरा लिफाफा काढला, त्याच्या कडा सुरीने अलगद सोडवल्या आणि आतली बाजू वर करून तिच्यापुढे पसरला. जन्मभर पोरांच्या चोऱ्या पकडलेला माणूस तो!

"लिहा," ते म्हणाले. "यातलं मी काही तपासणार नाही."

तुळसाने पेन्सिल उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. येते म्हणून लिहिलं असतं तर पोर वाट बघत राहिली असती. एकेक अक्षर दाबून, सावकाश तिने लिहिलं:

"मी नाय येवाची, बाय. तू जेव."

आणि लिफाफा मास्तरांकडे सरकवून म्हणाली, "चिकटवा लवकर. मी परत वाचलं तर फाडून टाकीन."