मध्यंतरातली अकरा मिनिटं

कोचला सगळे कोचच म्हणायचे. शाळेतल्या पोरी म्हणायच्या, शिपाई म्हणायचा, आणि चिडली की बायकोसुद्धा म्हणायची, "अहो कोच, हे घर आहे, मैदान नाही. शिट्टी काढा ती गळ्यातून." वीस वर्षं तो मुलींना फुटबॉल शिकवत होता. माणूस मनाने चांगला, पण एका बाबतीत डोकं म्हणजे निव्वळ दगड. खरा घाम फक्त फुटबॉलमध्ये येतो, बाकी सगळं नुसतं हातपाय हलवणं, असं त्याचं ठाम मत. आणि बँड तर त्याहूनही खालचा. "गणवेश घालून फिरायला जायचं आणि जाता जाता पिपाण्या वाजवायच्या. ह्याला काय मेहनत म्हणायची?" असं तो शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत बोलायचा, तेही बँडच्या बाई समोर बसून चहा पीत असताना.

बँडच्या बाई चणीने एवढ्याशा, पण ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हेत. एकदा त्यांनी कप खाली ठेवला आणि सांगितलं, "कोच, तुमच्या मुली दम लागला की श्वास घेतात. माझी मुलं कागदावर लिहिलं असेल तेव्हाच घेतात. एकदा येऊन बघा."

"त्यात काय बघायचंय?" म्हणून कोच हसला. आणि खरं सांगायचं तर वीस वर्षांत त्याने शाळेचा बँड एकदाही पाहिला नव्हता. बँड वाजायचा सामन्याच्या मध्यंतरात, आणि मध्यंतरात हा असायचा कपडे बदलायच्या खोलीत, फळ्यापुढे, पोरींना झापत. भिंतीपलीकडून ढमढम सुरू झालं की म्हणायचा, "खिडकी लावा गं ती."

आता अशा माणसाच्या पोटी आलेल्या पोरीने काय करावं? त्याची धाकटी सात नंबरचा शर्ट घालून उजव्या कडेने सुटली की समोरच्या पोरी नुसत्या बघत राहायच्या. तिच्या जिवावर कोच दोन वर्षं छाती काढून फिरला. आणि ह्या वर्षी, ऐन हंगामाच्या तोंडावर, तिने शर्ट धुऊन, घडी करून परत दिला आणि बँडमध्ये जाऊन तिथलं सगळ्यात मोठं वाद्य अंगावर घेतलं. सूझाफोन म्हणतात त्याला. कमरेपासून खांद्यापर्यंत वेटोळं घालून बसणारा चौदा किलोचा पितळी भोंगा.

कोचने आरडाओरडा केला नाही. त्याने तो शर्ट खोलीतल्या पहिल्या खुंटीला टांगला आणि तिथेच ठेवला. धाकटीच्या जागी जी नवी पोरगी आली तिला दिला सतरा नंबर. "चार दिवसांचं खूळ आहे, येईल परत," असं तो म्हणायचा. चार दिवसांचे चार महिने झाले. शर्ट आपला खुंटीवर.

मग आला तो अर्ज. बँड आठ दिवसांसाठी दुसऱ्या शहरात स्पर्धेला निघाला होता आणि पालकांची सही हवी होती. कागद चार दिवस फ्रिजच्या दारावर लटकत होता. येता-जाता कोच दार उघडून पाण्याची बाटली काढायचा, कागदाकडे बघायचासुद्धा नाही. शेवटी शुक्रवारी जेवताना धाकटीच म्हणाली, "बाबा, उद्या शेवटचा दिवस आहे."

"कसला? फिरायला जायचा?"

धाकटीने हातातला घास ताटात ठेवला. "सामन्यात तुम्ही पोरींच्या छातीला पट्टा बांधता ना, ठोके मोजायचा? एक मला द्या. उद्याच्या सामन्याच्या मध्यंतरात तो बांधून वाजवते."

कोचच्या डोळ्यांत चमक आली. "दीडशेच्या वर गेले तर सही. नाही गेले तर?"

"नाही गेले तर सोमवारपासून सात नंबर घालते."

"अहो, पोटच्या पोरीशी पैज लावता? काही जनाची नाही तर मनाची?" आई म्हणाली.

"मी कुठे लावली? तिनेच लावली," कोच म्हणाला आणि आणखी भात मागून घेतला. त्या रात्री त्याला फार छान झोप लागली.

छान लागायला आणखी एक कारण होतं. त्याच संध्याकाळी त्याने एक डाव टाकून ठेवला होता. उद्याच्या समोरच्या संघाच्या कडेच्या दोन्ही पोरी भलत्याच वेगवान, तेव्हा कोचने मैदानमामांना गाठलं. मामा म्हणजे तीस वर्षं ह्या मैदानाचं गवत कापणारा आणि चुन्याच्या रेघा मारणारा माणूस. "मामा, लांबीच्या दोन्ही रेघा तीन-तीन पावलं आत घ्या. पळायला जागाच नाही ठेवायची."

मामांनी डोकं खाजवलं. "बाईंना सांगायला पायजे मग. बँडची पोरं ह्या रेघेवरूनच पावलं मोजतात."

"कुणाला काही सांगू नका, बोभाटा होईल. आणि त्यांचं काय बिघडतंय? सहा पावलं कमी चालायचं. उलट आराम." झालं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते काही उगाच नाही.

शनिवारी डाव लागू पडला. समोरच्या दोन्ही वेगवान पोरी रेघेबाहेर जाऊन जाऊन वैतागल्या आणि मध्यंतराला शून्य-शून्य. कोच खोलीत आला तो मिशीत हसतच. एका हातात खडू, दुसऱ्या हातात छातीच्या पट्ट्यांशी जोडलेला टॅबलेट. त्यावर अकरा पोरींचे ठोके दिसत होते आणि सगळ्यात खाली बारावी ओळ, तिला नाव नव्हतं. पोरी बाकावर बसल्या तसे त्यांचे आकडे उतरू लागले. एकशे सत्तर, एकशे पन्नास, एकशे तीस. बाहेर ढोल घुमला. एक पोरगी सवयीने खिडकी लावायला उठली.

"राहू दे आज," कोच म्हणाला.

बारावी ओळ एकशे वीसवर होती. पहिला सूर निघाला आणि ती एकशे चाळीस झाली. मग दीडशे. मग एकशे त्रेसष्ट. पैज हरायला कोचला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. 'सुरुवातीचं दडपण असेल, उतरेल आता,' त्याने स्वतःचीच समजूत घातली आणि फळ्याकडे वळला. "हे बघा, उजवीकडून चेंडू आला की..." एकशे बहात्तर. "चेंडू आला की आपण..." एकशे ऐंशी.

वीस वर्षं त्याने असे आकडे वाचले होते. फुटबॉलमध्ये ठोके चढतात आणि उतरतात. चेंडू बाहेर जातो, कुणी पडतं, रेफ्री शिट्टी मारतो, पोरगी कमरेवर हात ठेवून चार श्वास घेते. इथे उतार नावाची चीजच नव्हती. बाकावरच्या पोरी एकशे दहावर आल्या होत्या आणि बारावी ओळ एकशे अठ्ठ्याऐंशीवर जाऊन तिथेच ठाण मांडून बसली होती. एक मिनिट झालं, दोन झाली, तीन झाली.

"कोच, पुढे काय? चेंडू आल्यावर?" सतरा नंबरवाली म्हणाली.

कोचला ऐकूच आलं नाही. पोरीला काहीतरी होतंय, एवढंच त्याच्या डोक्यात आलं, आणि त्याच्या मागोमाग मामांचं वाक्य. रेघेवरूनच पावलं मोजतात. खडू टाकून तो पळत सुटला.

बाहेर येऊन पाहिलं आणि तो जागच्या जागी उभा राहिला.

चौसष्ट जण होते. अर्धे ह्या रेघेवरून निघालेले, अर्धे त्या रेघेवरून, समोरासमोर येत होते, मध्यावर एकमेकांच्या फटीतून पार व्हायला. सूर तेवढेच, जमीन मात्र सहा पावलांनी कमी. असंच चालत राहिले असते तर सूर संपायच्या आत पितळेवर पितळ आदळलं असतं. उंच स्टुलावर उभ्या असलेल्या बाईंच्या ते लक्षात आलेलं दिसत होतं, कारण हात चालवता चालवता त्यांनी दोन्ही तळवे वीतभर जवळ आणले. एवढंच. ओरडल्या नाहीत, थांबवलं नाही. आणि चौसष्ट जणांची पावलं एकदम आखूड झाली. ताल तोच, गुडघे तेवढेच वर, पाऊल मात्र मोजून कमी. शेजाऱ्याकडे मान वळवून बघायची सोय नाही, तोंडाला वाद्य. डोळ्यांच्या कडेने काय दिसेल तेवढ्यावर सगळं.

आणि त्यात त्याची धाकटी उलटी चालत होती. चौदा किलो खांद्यावर, पाठ मध्याकडे, चवड्यांवर, मागे न बघता. कमरेखाली पाय शिवणयंत्राच्या सुईसारखे चाललेले आणि कमरेवर सगळं स्तब्ध, कारण अंग हललं तर सूर हलतो. कोच तिची छाती बघू लागला, वीस वर्षांची सवय. लांबच लांब सूर चालला होता, आणि ती श्वास घेतच नव्हती. अगं घे, घे गं, असं तो पुटपुटला. मग डोळ्याची पापणी लवायच्या आत तिने तोंडाच्या कोपऱ्यातून एक घोट हवा ओढली आणि पुन्हा फुंकू लागली. लगेच तिच्या शेजारणीने ओढली, मग तिच्या पलीकडच्याने. एकाच वेळी दोघं नाहीत, म्हणजे सुराला कुठे भोक पडायला नको. शरीर एकशे अठ्ठ्याऐंशीच्या वेगाने हवा मागतंय आणि ही पोरगी त्याला सांगतेय, थांब, तुझी पाळी अजून आली नाही.

दोन्ही रांगा एकमेकींतून पार झाल्या. भोंग्याला भोंगा घासायला वीतभरही अंतर नव्हतं. घासला एकही नाही.

"बाप रे," कोच म्हणाला. डोळे भरून आले होते आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती.

मामा चुन्याची बादली घेऊन शेजारी उभे होते. "तीस वर्षं बघतोय," ते म्हणाले, "आजच्याइतकं अवघड कधी नव्हतं."

"माझ्यामुळे."

"मग? तुमच्यामुळेच की," मामा म्हणाले. भीड ठेवणारा माणूसच नव्हता तो.

अकराव्या मिनिटाला शेवटचा सूर संपला, तरी कुणी खाली बसलं नाही. वाद्यं तशीच उचललेली ठेवून रांगा मैदानाबाहेर गेल्या, प्रेक्षकांच्या बाकांमागे वळल्या, आणि तिथे गेल्यावर मात्र सगळी पोरं जिथल्या तिथे कोसळली. कोच धावत पोचला तेव्हा धाकटी गुडघ्यांवर होती, ओठ सुजलेले, चेहरा लालबुंद. त्याने तिच्या खांद्यावरून ते धूड काढून स्वतःवर घेतलं आणि त्याचा खांदा सरळ खाली गेला. कोच दोन पावलं भेलकांडला.

"कोच," ती धापा टाकत म्हणाली, "किती?"

"एकशे अठ्ठ्याऐंशी. आकडा मरू दे. रेघा मी आत घेतल्या होत्या गं."

"कळलं. पहिल्या दहा पावलांतच."

"मग थांबली का नाहीस? हात वर करायचा, बाजूला व्हायचं."

ती जरा हसली, सुजलेल्या ओठांनी जमेल तेवढं. "थांबणार कशी, बाबा? इथे चेंडू बाहेर जात नाही."

तेवढ्यात बाई आल्या, हातात अर्ज, कपाळावर ही मोठी आठी. "बाई, माझं चुकलं," तो म्हणाला. "रेघांचंही, आणि वीस वर्षांचंही."

"माफी नंतर. आधी सही."

त्याने भोंग्याच्या गरम पितळेवर कागद टेकवून सही केली. सही वेडीवाकडी आली.

रेफ्रीची शिट्टी ऐकून तो खोलीत परतला. फळ्यावर अर्धी रेघ तशीच होती आणि अकराच्या अकरा पोरी त्याच्याकडे बघत होत्या. कोचने पहिल्या खुंटीवरचा शर्ट काढला, त्यावरची धूळ झटकली आणि सतरा नंबरवालीच्या हातात दिला.

"घाल. रेफ्रींना मी सांगतो."

"पण कोच, हा तर ताईचा आहे ना?"

"होता," कोच म्हणाला. "आता तुझा."