शेवटचे बारा कागद

वाचकहो, एका जुन्या इंग्रजी भयकादंबरीचे मराठी भाषांतर बेळगावात कसे छापले गेले आणि त्याचे शेवटचे प्रकरण कोणाच्या हातून घडले, याचा वृत्तांत येथे यथामती सादर होत आहे.

बेळगावच्या शहापुरातील आपल्या घरी, छापखान्यात शिशाचे खिळे म्हणजे सुटी अक्षरे जुळवणारे निवृत्त खिळेजुळारी आण्णाप्पा हातातील कागदाकडे पाहत बसले होते. समोर होती भाषांतरकार कैलासवासी दत्तोपंतांची कन्या कल्याणी. शेहेचाळीस वर्षांनी ती वडिलांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढत होती आणि तिची प्रस्तावना तपासून द्यायला त्या छापखान्यातला हा एकच माणूस उरला होता.

कल्याणीने त्यांच्या हातातल्या कागदावर वाकून शेवटचा परिच्छेद स्वतः वाचून दाखवला. "'मूळ इंग्रजीत नायिका भिंतीआड गुदमरून मरते. माझ्या वडिलांनी मात्र भिंत फोडून तिला बाहेर काढले. त्याच वर्षी माझी आई गेली होती. हे प्रकरण त्यांनी माझ्यासाठी लिहिले आणि त्याच आधारावर मी आजवर जगले.' बरोबर आहे ना, आण्णा?"

आण्णाप्पा कागदाची कड बोटाने सरळ करत राहिले. चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी मालुबाई म्हणाल्या, "बोला की! जल्मभर दुसऱ्याची अक्षरं जुळवली, सोताची चार जुळंनात व्हय?"

त्या छापखान्याची एक रीत होती. जुळवून झालेले हस्तलिखित डाव्या खोक्यात टाकायचे आणि त्याच कागदांनी, रॉकेल लावून, खिळ्यांवरची शाई पुसायची. एका घाईच्या दिवशी आण्णाप्पांनी न जुळवलेले शेवटचे बारा कागदही त्याच खोक्यात टाकले. ध्यानात आले तेव्हा ते शाईने काळे होऊन बंबात जळून गेले होते, आणि दत्तोपंतांना जाऊन तीन दिवस झाले होते. दुसरी प्रत नव्हती. मालकाला सांगण्याचे धैर्यही नव्हते.

"आक्का," आण्णाप्पा कसेबसे म्हणाले, "ते दत्तोपंतांनी लिवल्यालं न्हाय. मी लिवलंय." आणि त्यांनी सर्व हकीकत सांगितली.

कल्याणीने कागदावरच्या त्या ओळींवर बोट ठेवले. मग म्हणाली, "बाबांनी तिला मारलं होतं की वाचवलं होतं?"

"ठाव न्हाय. मी वाचायच्या आदीच गेलं सगळं."

"मग तुम्ही का वाचवलंत?"

"बाबांचं कागद घिऊन तुमीच यायचा, नऊ वर्साच्या. रोज इचारायचा, ती बाई भायेर येती का? मी व्हय म्हनून बसलो हुतो."

कल्याणीने प्रस्तावनेचा कागद त्यांच्या हातून काढून घेतला. चहा तसाच राहिला. उंबऱ्याशी ती थांबली. "बाबांच्या हातचं शेवटचं काही माझ्याकडे आहे, असं मी समजत होते," एवढेच बोलून ती गेली.

महिन्याने टपालाने नव्या आवृत्तीची तपासायची मुद्रिते आली. प्रस्तावनेतला तो परिच्छेद काट मारून काढला होता. अखेरच्या प्रकरणाच्या आरंभी जागा कोरी होती आणि बाजूला पेन्सिलीने लिहिले होते, 'खरे काय ते तुम्ही लिहा. माझ्याने होत नाही.'

आण्णाप्पांनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर जुळवावे तसे लिहिले, 'हे प्रकरण दत्तोपंतांचे नव्हे. त्यांचे कागद माझ्या हातून नष्ट झाले. आण्णाप्पा, खिळेजुळारी.'

"आक्का परत येतील का वो?" मालुबाईंनी विचारले.

या वेळी आण्णाप्पा व्हय म्हणाले नाहीत.

ज्या वाचकांनी ही कथा अखेरपर्यंत वाचली, त्यांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे.

युवराज मष्णू होनगेकर, उचगाव