भंगारातल्या अडॅप्टरवर आळ

“सर, एफपीजीएच्या बोर्डाला हात फक्त मुलांनीच लावायचा, असा नियम आहे का?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून स्वप्नालीने भर प्रयोगशाळेत विचारून टाकलं. मुलं खिदळली. सलिल सरही हसले. “नियम कसला? लाव की तू. पण अडॅप्टर कुठाय?”

तिने दप्तरातून मला बाहेर काढलं.

मित्रांनो, मी एक जुना यूएसबी अडॅप्टर आहे, काडेपेटीएवढा, चिकटपट्टीने सांधलेला. आपण लिहू तसं जिच्यातलं सर्किट बदलतं, ती चिप म्हणजे एफपीजीए. संगणकावर लिहिलेलं तिच्यापर्यंत पोहोचवायचं, हे माझं काम. चाकणच्या एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर मी ते नऊ वर्षं केलं. समोरचा बोर्ड किती व्होल्टचा, हे मी आधी त्यालाच विचारतो आणि तेवढेच देतो. माझ्यामुळे एकही बोर्ड जळला नाही! पण ती लाइन बंद पडली आणि मी थेट भंगाराच्या पिंपात. निरोप नाही, काही नाही. तिथे कंत्राटावर असलेल्या स्वप्नालीच्या पप्पांनी साहेबांना विचारून मला घरी आणलं.

त्या दिवशी तिने मला जोडलं आणि बोर्डावरचे आठ दिवे एकामागून एक पळू लागले. “भारी गं, स्वप्ने!” तिची मैत्रीण पूर्वी ओरडली. किती वर्षांनी माझं कौतुक झालं!

ते एकच दिवस टिकलं. “सर, विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांसमोर हे चिकटपट्टीवालं ठेवायचं?” असं म्हणत टीममधल्या निमिषने दुसऱ्या दिवशी नवा अडॅप्टर आणला. पारदर्शक, तीन रंगांच्या दिव्यांचा. स्वप्नालीने त्याच्यासोबतचा माहितीचा कागद वाचला.

“सर, थांबा! हा पाच व्होल्टवर आहे. आपला बोर्ड तीन पॉइंट तीनचा. आधी ते बटण सरकवा.”

“तू पोस्टर रंगव गं,” सर म्हणाले आणि त्यांनी तो तसाच जोडला.

मिनिटभरात जळका वास आला. चिप गेली.

आणि दोष कुणाचा? “काल ते भंगार लावलं होतं ना, त्यानेच आतून बिघडवलं असणार,” सर म्हणाले. निमिषने आपला नवा अडॅप्टर गुपचूप काढून घेतला. उद्या माफीपत्र आणायचं, नाहीतर टीममधून नाव कट, असं त्यांनी स्वप्नालीला बजावलं. मला तोंड असतं तर!

मित्रांनो, अडॅप्टर निवडताना त्याचे दिवे बघू नका. तुमचा बोर्ड किती व्होल्टचा आणि तो किती देतो, ते बघा. कागद वाचणारीचं ऐका. आणि जुन्या वस्तूवर आळ घेऊ नका. ती भांडायला येत नाही, म्हणून तर तुमचं फावतं.

संध्याकाळी पप्पा शिफ्टवरून आले. सगळं ऐकून म्हणाले, “लिहून टाक, बेटा. आमच्याकडं लाइन थांबली की कंत्राटी माणूस खुलासा लिहून सही करतो. चूक कुणाची का असंना. मी दहाबारा दिलेत.”

“दहाबारा?” आईची पोळी तव्यावरच राहिली. “मला एकदाही बोलला नाहीत!”

पप्पा बुटाची नाडी सोडत राहिले.

स्वप्नाली वही घेऊन दोघांसमोर उभी राहिली.

“आई, पप्पा, मी कागद लिहिलाय. पण त्यात माफी नाही. कोणता अडॅप्टर लावला आणि किती व्होल्ट दिले, तेवढंच लिहिलंय. उद्या मी तो मुख्याध्यापिका बाईंना देणार आहे. नाव काढलं तर काढू देत.”