तासभर मागे चालणारी प्रत

"कोणी पुसलं, एवढंच सांगा. मग बघते," असं म्हणून बाई खुर्चीत मागे रेलल्या.

संगणक विभागाचे साहेब स्वतः तळघरात उतरून आले होते, यातच सगळं आलं. कोणत्या पेशंटला कोणतं औषध चालत नाही, त्याचा अख्खा तक्ता हॉस्पिटलच्या डेटाबेसमधून उडाला होता. कसा, ते बाईंना न सांगता कळलं होतं. डेटाबेसला द्यायचा हुकूम दोन ओळींचा असतो. वरच्या ओळीत ‘पुसून टाक’, खालच्या ओळीत ‘फक्त या एकाचं’. साहेब घाईत वरचीच ओळ निवडून चालवायचे, की सगळ्यांचंच पुसलं जायचं. गेल्या वर्षी हेच करून त्यांनी खापर बाईंच्या माथ्यावर फोडलं, डेटाबेसचं काम आणि मुख्य पासवर्ड काढून घेतला आणि बाईंना प्रिंटर सांभाळायला खाली धाडलं. तेव्हा नवऱ्यानेसुद्धा विचारलं होतं, "खरंच तुझ्या हातून नाही ना झालं?" बाई तेही विसरल्या नव्हत्या.

साहेब मात्र तळघरातलं जुनं मशीन विसरले. त्यावर बाईंनी सगळ्या माहितीची एक प्रत चालू ठेवली होती, मुद्दाम तासभर मागे चालणारी. वरची चूक तिथे पोचायला तास लागे. वरून फोन खणखणू लागताच त्यांनी ती प्रत थांबवली होती. तक्ता तिथे शाबूत होता. पण हे साहेबांना कशाला सांगा? फुटू दे घाम.

"सिस्टिमची गडबड आहे हो," साहेब म्हणाले.

"मग सिस्टिमलाच विचारा."

तेवढ्यात वॉर्डातली सिस्टर धापा टाकत आली. "ताई, बाराव्या खाटेवरच्या आजोबांना इंजेक्शन द्यायचंय. काय चालत नाही त्यांना, काहीच दिसत नाहीये."

वर्षभर बाईंनी हीच घडी मागितली होती. त्यांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, मग मुकाट्याने जुन्या मशीनवर आजोबांचं नाव शोधलं.

"पेनिसिलिन नको. अजिबात नको."

सिस्टर पळाली. साहेबांचा चेहरा खुलला. "म्हणजे आहे की तुमच्याकडे. चला, आणा परत."

हातातला डाव गेला होता. मुख्य पासवर्ड लागेल, एवढंच बाई म्हणाल्या, आणि साहेबांनी तो आपल्या हाताने लिहून दिला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत तक्ता जागेवर आला. मग बाईंनी आणखी एक हुकूम चालवला, नीट, शेवटच्या अक्षरापर्यंत निवडून. साहेबांचा पुसण्याचा अधिकार गेला, फक्त बघण्याचा उरला. त्याचा बोभाटा त्यांनी केला नाही.

सोमवारच्या बैठकीत साहेब मोठ्या डॉक्टरीणबाईंना भिंतीवरच्या पडद्यावर एक चुकीची नोंद काढून दाखवायला गेले. पडद्यावर ठळक अक्षरं उमटली, ‘तुम्हाला परवानगी नाही.’ त्यांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

"का हो, परवानगी का नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. एकेक मान मागच्या रांगेत बसलेल्या बाईंकडे वळली.

"दोनदा पुसलंय त्यांनी," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "तिसऱ्यांदा नको, म्हणून."

घरी नवऱ्याने विचारलं, आज स्वारी खुशीत दिसते, काय झालं? काही नाही, असं म्हणून बाईंनी त्याला पान वाढलं. त्याची पाळी अजून यायची होती.