चुड्यावरून घेतलेलं बीपी

यवतमाळले ट्रेनिंग झालं तवा अनिमेष सरनं आम्हा आशा वर्करायले सांगतलं, आता हार्ट अटॅकचं काही खरं नाही, त्याची गाठ मोबाईलशी हाये. दंडाले बीपीचा पट्टा बांधा, आकडा टाका, कोनाच्या दिलाले खतरा ते ॲप सांगते. हिरवा म्हनजे बिनधास्त, लाल म्हनजे पळवा. संगं समोसे होते, म्हनून कोनी काही विचारलं नाही.

मी त विचाराले पाहिजे होतं. ढाणकीजवळच्या आमच्या तांड्यात म्हाताऱ्या बायायचा दंड दिसते कुठं? कोपरापासून काखेपर्यंत पांढरा चुडा. लग्नात चढते, नवरा मेल्यावरच उतरते. त्यावरून पट्टा बांधला की मशीन नुसती एरर दाखवे. ॲप बनवनाऱ्यानं दंड पाह्यला असन तो जिममधला.

सरले फोन लावला. त्यायचं म्हननं, आकड्याबिगर पुढचं पान उघडत नाही, टार्गेट शनिवारपर्यंत हाये, नॉर्मल टाकून द्या मॅडम. टाकला. एकशे वीस, ऐंशी. एक्केचाळीस बाया मी एका दुपारी ठणठणीत केल्या, कोन्या डाक्टरले जमलं नसतं. माही सासू जमनी त्यातलीच. महिनाभरात मले शाल-नारळ भेटलं. या तांड्यातल्या बायायचं दिल जिल्ह्यात एक नंबर, असं सर माईकवर म्हनाले, अन् मी बेशरम फोटोसाठी हासली.

गेल्या मंगळवारी कापूस वेचता वेचता सासू मटकन खाली बसली. घामाघूम झालती, छातीत कळ, दम पुरेना. घरी आनली अन् म्हनलं, दवाखान्यात चाला. ते माह्यावरच उलटली.

"कायले? तुह्या मोबाईलनं हिरवी दाखवली न मले."

साऱ्या तांड्याले तिनं हेच सांगून ठेवलं होतं, की सुनेनं तपासलं, काही निघालं नाही. त्या खुशीत जेवनातलं लोनचंही वाढवलं होतं. सासऱ्यासमोर, शेजारपाजाऱ्यासमोर मी सांगून टाकलं, तो आकडा खोटा हाये, मी मनानं टाकला. सासू तरी उठेना. सुनेपरीस तिले मोबाईलचा भरोसा जास्त.

खरा आकडा दाखवाचा त चुडा काढा लागे. ते ऐकताच तिनं दोन्ही हात पोटाशी घेतले.

माहे सासरे नेमसिंग बायायच्या कामात कधी बोलत नाहीत. ते साबनाचं पानी घेऊन आले अन् तिच्यासमोर बसले.

"मी जिता हावो न? मंग मीच काढतो."

एक एक करून चुडा उतरला. मी पट्टा बांधला. दोनशे दहा, एकशे अठरा. ॲपात टाकाले गेली त ते म्हने, या व्यक्तीची तपासनी झाली, पुढची पुढच्या वर्षी. घ्या, सासूनं तवर दम धराचा.

आता मात्र ते मुकाट्यानं बबलूच्या ऑटोत बसली. सासरे समोर बबलूजवळ. तांड्याबाहेर कापसाचे गाठोडे घेऊन पाच-सहा बाया येत होत्या. त्यायनं तिचे उघडे दंड पाह्यले अन् रस्त्यातच हंबरडा फोडला, नेमसिंग गेला म्हनून. सासरे मान बाहेर काढून सांगत होते, मी अठीच हावो, पन ऐकते कोन.

सासूनं त्या बायायकडे पाह्यलं, त्यायच्या चुड्याकडे पाह्यलं. मंग दम घेत मले विचारलं, "शीला, यायचं काय लिवलं तू?"

"तुमचं लिवलं तेच," मी म्हनलं.